बाईच्या गिरणीचा शाफ्ट

लोखंडात लोखंड बसवायचं म्हणजे हातोडा घेऊन ठोकायचं, असं ज्याला वाटतं त्याला मी माझ्या शेडमध्ये टिकू देत नाही. तोंडावर सांगतो, "भाऊ, चहा पी अन् जा." तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे तोंडाला ही सवय लागली आणि आता ती काही जायची नाही. घरची म्हणते, तुमच्या तोंडापायी दुसऱ्यांदा कोणी येत नाही. मी म्हणतो, न येवो, मला निवांत लेथ चालवू दे.

ब्रह्मपुरीत आमचं घर आहे. घरामागच्या मोकळ्या जागेला आमच्या झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात. बाकीच्यांच्या सांदवाडीत वांगी, वाल, फार तर एखादी शेळी असते. आमच्या सांदवाडीत टिनाच्या शेडखाली लेथ मशीन आहे. गावातले एक म्हातारे खरादवाले होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा मी नुकताच रिटायर झालो होतो. त्यांचं लेथ भंगारात चाललं होतं, ते मी घरी आणलं. घरची आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी चाचा स्वतः आले, लेथच्या चाकावरून हात फिरवला आणि तिला म्हणाले, "बाई, चाय पिलवा, आता मी रोज येनार." आणि खरंच रोज आले. चार वर्षं आले. आता चाचा नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास दाराची कडी वाजली की अजूनही मला वाटतं तेच आले.

त्यांच्याकडून मी जे शिकलो त्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे शाफ्टावर बेरिंग बसवणं. ऐकायला सोपं आहे. बेरिंगच्या आतलं भोक पस्तीस मिलीमीटरचं असेल तर त्यात जाणारा शाफ्ट पस्तीसचा नको, पस्तीसहून किंचित जाड हवा. किंचित म्हणजे किती, तर डोक्याचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे पाच-सहा भाग करा, त्यातला एक. तेवढा जाड असला की बेरिंग दाबून बसतं आणि शाफ्टाशी एकजीव होऊन फिरतं. कमी पडला तर बेरिंग जागच्या जागी घसरतं, शाफ्ट खात जातं. जास्त झाला तर चाचांच्या भाषेत "बेरिंगचा गळा दाबला जाते", आणि तेही तापून मरतं.

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण लहानपणी मंडईत मी हे पाहिलं होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. माझी मोठी बहीण, तिला आम्ही सगळे बाईच म्हणतो, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई धानाच्या बांधीत राबायची आणि मला बाईनं वाढवलं. मंडईत ती कासारापुढे बसायची. कासार तिचा पंजा दाबून दाबून मऊ करायचा आणि इतकी लहान बांगडी निवडायचा की मला वाटायचं, ही जाणारच नाही. पण जायची. "ढिली फुटते, बेटा, घट्ट टिकते," असं तो म्हणायचा. बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हूं की चूं करायची नाही. दुसऱ्या हातानं तिनं माझा कान धरलेला असायचा, मी गर्दीत हरवू नये म्हणून. मंडईच्या आठवणीत मला जिलेबी आठवत नाही, तो कान आठवतो.

चाचांनी एक नियम घालून दिला होता. शेवटची छाट घेतली की शाफ्ट लगेच मोजायचा नाही. कापताना लोखंड तापतं, तापलेलं लोखंड फुगलेलं असतं, ते खोटं माप देतं. त्यात आमचा उन्हाळा. दरवर्षी वैशाखात ब्रह्मपुरीचं नाव टीव्हीवर येतं, देशात सगळ्यात तापलेलं गाव म्हणून. टिनाच्या शेडमध्ये तर दुपारी हातोडाही फडक्यानं धरावा लागतो. म्हणून चाचा शाफ्ट, बेरिंग आणि मोजायचा मायक्रोमीटर तिन्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत माठापाशी ओळीनं ठेवायला लावायचे आणि त्यांना रातभर तिथंच राहू द्यायचे. "तिघाईले एक हवा लागू द्या, मास्टर. मंग विचारा, खरं सांगतील." घरची हसायची. पाणी घ्यायला गेली की म्हणायची, नवरा-नवरी निजले आहेत, हळू चला. पण नियम मी कधी मोडला नाही. कोणाची सायकलरिक्षा असो, कोणाचा पंप असो, प्रत्येकाचा शाफ्ट माझ्या माठापाशी एक रात्र राहिलेला आहे.

एकाचा सोडून. तेच सांगायला बसलो आहे.

बाई लग्न होऊन आरमोरीकडच्या एका खेड्यात गेली. भाऊजींनी घराला लागून धान कांडायची लहानशी गिरणी टाकली. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, गिरणीही गेली. पण तेराव्या दिवसाची पंगत उठल्यावर बाईनं पदर खोचला आणि स्विच दाबला. तेव्हापासून ती एकटीच चालवते. गावातल्या बाया डोक्यावर चुंगड्या घेऊन येतात, धान ओततात, आणि तांदूळ होईपर्यंत तिथंच बसतात. कोणाची सून कशी, कोणाच्या बांधीत पाणी शिरलं, कोणाचं पोट दुखतं, सगळं तिथं समजतं. केसांवर कोंड्याची पांढरी धूळ बसलेली आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारी माझी बहीण मी गिरणीत जितकी सुखात पाहिली तितकी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही.

तिचा मुलगा, माझा भाचा, नागपूरला असतो. पोरगा वाईट नाही. आई बहात्तर वर्षांची, एकटी, गाव जंगलाला लागून. त्या वर्षी नाल्यापाशी दोनदा वाघ दिसला होता. होळीला तो गावी आला आणि मायलेकरांचं चांगलंच वाजलं. शेवटी बाई म्हणाली, "ठीक हाये. ज्या दिवशी मशीन बंद पडन, त्या दिवशी मी नागपूरले येईन. तोपर्यंत नाव काढू नोको." ती बोलून गेली आणि भाच्यानं तो शब्द धरून ठेवला.

अन् नेमकं तेव्हाच गिरणीचा जुना शाफ्ट कुरकुरू लागला. पंधरा वर्षांचा शाफ्ट, झिजून झिजून बारीक झालेला. वैशाखात बाईनं तो मला आणून दाखवला. आल्या आल्या पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाह्य बाबू, मी पोट्ट्याले शब्द देऊन चुकली. आता मशीन बंद पडू द्याची का नाई, थे तुह्या हाती हाये. बाजारातला शाफ्ट मले नोको. तूच बनव." मी म्हणालो, जाय तू निवांत, चार दिवसांत आणून देतो. तिनं पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची छाट घ्यायची होती आणि भाच्याचा फोन आला.

"मामाजी, एक काम करा ना. आईले म्हणा, जमत नाई म्हणून."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तिथी वाघ फिरून राह्यला. उद्या काही झालं तं तुम्हीच म्हणान, पोट्ट्यानं मायले एकटं सोडलं."

मी म्हणालो, जमत नाही असं मी तुझ्या आईला सांगणार नाही, कारण मला जमतं.  तो हसत हसत म्हणाला, "मंग बनवा. पण थोडा ढिला ठेवा. हंगामात आपोआप बंद पडन. कोणाले समजते?"

यावर मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. घरची आतून बाहेर आली, एवढा माझा आवाज चढला होता. मी काय भुरटा आहे का, मी मास्तर आहे, कारागीर आहे, माझ्या सख्ख्या बहिणीशी दगा करू का, असं बरंच काही. फोन आपटला आणि तसाच शेडमध्ये गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. टिनावरून आग उतरत होती. आजच्या आज हा शाफ्ट पुरा करायचा आणि उद्या सकाळी बाईच्या हातात द्यायचा, असं मनाशी ठरवलं. छाट घेतली, पॉलिश पेपर फिरवला, मायक्रोमीटर लावला. पस्तीसवर केसाचा पाचवा भाग. जसा पाहिजे तसा. माठापाशी ठेवलेलं बेरिंग आणलं, वर पाइपाचा तुकडा धरला आणि हलक्या हातानं ठोकत गेलो. घट्ट जात होतं. बसलं तेव्हा आवाज बदलला, पोकळ टणटण जाऊन ठस्स लागलं. चाचा या आवाजाला "बस्स" म्हणायचे. मला फार बरं वाटलं. भाच्याच्या तोंडात मारल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी स्वतः शाफ्ट नेला आणि गिरणीत बसवून दिला. बाईनं स्विच दाबला, गिरणी गोड चालली. तिनं मला भात, वरण आणि जवसाची चटणी वाढली, आणि मी जेवत असताना समोर बसून राहिली. लहानपणी बसायची तशीच. मी उठलो तेव्हा म्हणाली, "बाबू, तुह्यावाचून मले कोण हाये?" मी म्हणालो, उगीच काहीही बोलू नको.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गिरणीला फार काम नसतं. खरं काम अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, नवं धान घरी आलं की. त्या वर्षी धान चांगलं झालं होतं. रस्त्यानं जाताना दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची पुंजणी उभी दिसायची, हवेत त्या ओलसर तणसाचा वास असायचा. तो वास मला अजून शाळेच्या सहामाही सुट्टीत नेऊन ठेवतो. अशाच एका बुधवारी संध्याकाळी बाईचा फोन आला. "बाबू, मशीन तापून राह्यली. आवाज करून राह्यली. बंद केली मी."

गुरुवारी सकाळी ती आली. काळीपिवळी जीपमधून उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट होता. गावच्या मिस्त्रीकडून खोलून घेतला होता. बहात्तर वर्षांची बाई तो जड शाफ्ट खांद्यावर घेऊन स्टँडपासून चालत आली. मी म्हणालो, फोन केला असता तर मी आलो असतो. ती म्हणाली, "पाह्य आधी."

मी पोतं सोडलं. बेरिंगला दोन बोटं लावली आणि ते सरकलं. बोटांनी! जे मी ठोकून ठोकून बसवलं होतं ते नुसत्या बोटांनी सरकलं. खालचा शाफ्ट आरशासारखा चकचकीत झिजला होता आणि कडेला लाल भुकटी साचली होती.  काय झालं ते एका क्षणात समजलं. त्या दुपारी शाफ्ट तापलेला होता, फुगलेला होता. बेरिंग माठापाशी गार पडलेलं होतं. मी फुगलेल्या लोखंडाचं माप घेतलं, फुगलेल्या लोखंडावरच बेरिंग ठोकलं, आणि रात्री शाफ्ट निवला तसा तो केसाचा पाचवा भाग निघून गेला. ढिला बसला होता. पहिल्या दिवसापासून ढिला होता.

बाईला मी समजावून सांगू लागलो. ऊन किती होतं, टिन कसं तापतं, लोखंड कसं फुगतं. ती ऐकत होती. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "पोट्ट्याईले तीस वर्सं थेच शिकवत होता ना तू? अन् जन्म तं इथीच गेला तुहा. उन्हाळा तुले आजच समजला का?"

मी बेरिंग परत पोत्यावर ठेवलं. घरची मध्ये पडली, म्हणाली, चुकून झालं असेल बाई, चहा घ्या. बाईनं चहा घेतला. मग म्हणाली, "पोट्टा आयतवारी येऊन राह्यला. गाडी घेऊन. त्याले समजलं मशीन बंद हाये म्हणून. तोवर दुसरा बनव."

गुरुवार ते रविवार. लोखंडाची नवी गोल सळई शेडमध्ये होती, बेरिंग नवं आणलं आणि कामाला लागलो. बाई परत गेली नाही. शेडमध्ये एक बादली पालथी घालून माझ्यामागे येऊन बसली. लेथ फिरतंय, छिलके उडतायत, आणि ही बसली आहे. तासभर गेला, दोन तास गेले. माझ्या पाठीला तिची नजर टोचायला लागली. शेवटी माझं डोकं सणकलं.

"राखण करून राह्यली का माही?"

"मले मशीनबिगर करमत नाई," ती म्हणाली. "इथी मशीनचा आवाज तं हाये."

मी विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, हिला भाच्यानं सगळं सांगितलं आहे आणि ही माझ्यावर नजर ठेवून आहे. राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. फोन आला होता हे मी तिला सांगितलं नव्हतं. वैशाखात सांगायला पाहिजे होतं. आता सांगितलं तर त्याचा अर्थ काय होईल, हे मला दिसत होतं. म्हणून मी छाट घेत गेलो.

शुक्रवारी दुपारपर्यंत शाफ्ट मापापेक्षा केसभर जाड ठेवून आणला. मग तो, बेरिंग आणि मायक्रोमीटर, तिन्ही माठाच्या खोलीत ठेवले. हिवाळ्यात माठाला कोणी विचारत नाही, तरी जागा तीच. बाईनं विचारलं, हे कायले? मी नियम सांगितला. ती दारात उभी राहून त्या तीन वस्तूंकडे पाहत राहिली. "सगळ्याईचे ठेवते का असे?" मी म्हणालो, हो. तिनं पुढं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही की तिचा ठेवला नव्हता.

शनिवारी सकाळी मापलं, पॉलिश पेपरनं किंचित उतरवलं, परत माठापाशी ठेवलं, तासाभरानं परत मापलं. असं तीन वेळा केलं. शेवटी मायक्रोमीटरनं तोच आकडा दोनदा सांगितला. या वेळी ठोकायचं नव्हतं. बेरिंग तेलात तापवून फुगवायचं, गार शाफ्टावर अलगद सरकवायचं आणि निवू द्यायचं, म्हणजे ते आपण होऊन शाफ्ट आवळतं. मी जुन्या डब्यात तेल ओतून स्टोव्हवर ठेवायला निघालो.

"अन् जास्त तापलं तं?" बाईनं विचारलं.

"शंभराच्या फार वर गेलं तं बेरिंग खराब होते."

"मोजाचं काही हाये का तुह्यापाशी?"

"अंदाज असते."

"अंदाज," ती म्हणाली. मग तिनं एक मिनिट विचार केला. "पाणी शंभराच्या वर जाते का?"

"नाई जात. उकळते."

"मंग तेलाचा डबा पाण्याच्या गंजात ठेव अन् पाणी उकळत राहू दे. अंदाज कायले पाह्यजे?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. चौथीतून शाळा सुटलेली माझी बहीण. मी विचारलं, तुला हे कोणी सांगितलं. ती म्हणाली, "तूच तं घोकत होता, चिमणीपाशी बसून. पाणी शंभर अंशाले उकळते, पाणी शंभर अंशाले उकळते. मी भाकरी थापत होती, अन् तू डोकं उठवत होता. तुह्यासंगं माहीही पाठ झालं." घरची हसली. मीही हसलो. त्या चिमणीच्या उजेडात मी शिकलो, ती भाकरी थापत राहिली, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

घरचीनं मोठा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, आणून दिला. पाणी खदखदू लागलं, त्यात तेलाचा डबा, तेलात बेरिंग. अर्धा तास आम्ही तिघंही चुलीपाशी बसल्यासारखे त्या स्टोव्हभोवती बसलो होतो. मग मी जाड फडक्यानं बेरिंग उचललं, शाफ्टावर धरलं आणि ते पार शाफ्टाच्या जाड खांद्यापर्यंत सरळ उतरलं, कसलाही आवाज न करता. मी ते दाबून धरलं. पाच-सात श्वास झाले असतील, हाताखाली ते जागेवर आवळलं गेलेलं मला जाणवलं. सोडून पाहिलं, हलवून पाहिलं. हलेना. बाईला म्हणालो, तू पाह्य. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, बेरिंग जागचं हललं नाही.

दुपारच्या जीपनं आम्ही दोघं गेलो. मिस्त्रीला बोलावून संध्याकाळपर्यंत शाफ्ट बसवला. रविवारी सकाळी सातला बाईनं स्विच दाबला तेव्हा दारात नऊ बाया उभ्या होत्या, चुंगड्या घेऊन. बातमी कशी जाते देव जाणे. अकरा वाजता भाचा आला. गाडीची डिकी रिकामी करून आला होता, आईचं सामान मावावं म्हणून. गिरणीचा आवाज त्याला वळणावरूनच ऐकू आला असणार, कारण दाराशी येईपर्यंत त्याचा चेहरा पडला होता. आई त्याला म्हणाली, "हात धू, जेवाले बस." तो जेवला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मी पट्ट्याकडे पाहिलं. निघताना तो आईच्या पाया पडला, माझ्याही पडला, आणि गेला. मला त्याची कीव आली. पोरगा आईच्या काळजीनं तेवढा रस्ता तुडवत आला होता.

बाया गेल्या. गिरणी बंद करून बाई सूप घेऊन उंबऱ्यावर बसली आणि तांदळातली कनकी, तुटके दाणे, वेगळी काढू लागली. मी खाटेवर बसलो होतो. मनात आलं, आता सांगून टाकावं. काम झालं आहे, मशीन चालते आहे, आता सांगायला हरकत नाही.

"बाई, वैशाखात पोट्ट्याचा फोन आल्ता मले."

"माहीत हाये," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"त्यानं सांगतलं?"

"त्याच दिवशी सांगतलं, भांडता भांडता. म्हणे, मामाले सांगून ठेवलं हाये, ढिला बनवतीन म्हणून. म्हणे, नाई म्हणाले, पण बनवतीन."

 म्हणजे दुसऱ्या दिवशी मी शाफ्ट घेऊन आलो, तिनं मला भात वाढला, समोर बसली, तुझ्यावाचून मला कोण आहे म्हणाली, तेव्हा तिला माहीत होतं. अगहनात खांद्यावर शाफ्ट घेऊन आली तेव्हाही माहीत होतं.

"मंग तू लावला काऊन तो शाफ्ट?"

"तूनं आणला होता. लावला."

मी खाटेवरून उठलो, तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "बाई, मी मुद्दाम नाई केलं. आईची शपथ. ऊन होतं, डोकं फिरलं होतं, घाई झाली."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या पापण्यांवर कोंडा बसला होता.

"मी विचारलं का?" ती म्हणाली.

त्याला आता चार हंगाम झाले. गिरणी चालू आहे, शाफ्ट तोच आहे. तिनं अजूनही विचारलेलं नाही. मी मुद्दाम केलं नाही, हे मी देवापुढे सांगू शकतो. पण भाच्याइतकाच मीही त्या वाघाला भीत होतो, ती नागपूरला गेली असती तर मलाही रात्री झोप लागली असती, आणि इतक्या वर्षांत जगातल्या एकाच माणसाचा शाफ्ट मी न निववता मोजला, तो तिचा. तिनं एकदा विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, तिनं ते मानलं असतं, आणि मी सुटलो असतो.